न वापरलेले श्वास

परांडेकर बाईंच्या वर्गात एकही वाक्य एकट्याने पुरं होत नसे. बाई वाक्य सुरू करत, पाऊण वाट त्याला हाताला धरून नेत, आणि शेवटच्या शब्दाशी आल्या की त्याचं शेपूट तेवढं वर्गाकडे सोडून देत.

"वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार कर...?"

"ताऽऽत!" एकेचाळीस गळे.

"लोखंडाला दमट हवेत चढतो गं...?"

"ज!"

"समज...?"

"लंऽऽ!"

शाळेसमोरच्या सायकलवाल्याला आठवीचं विज्ञान दुकानात बसल्या बसल्या पाठ झालं होतं. मात्र रस्त्यापलीकडे पोरांचाच आवाज पोचायचा. त्यामुळे त्याच्याकडे नुसती शेपटं जमली होती, धडं सगळी बाईंपाशी.

ही युक्ती बाईंनी शोधलेली नव्हती. त्यांच्या बाईंनी त्यांना अशीच शेपटं वाटली होती, त्या बाईंना त्यांच्या गुरुजींनी. मोहाडगावात चार पिढ्या अशाच शिकल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. निदान अडलं असं कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायला अख्खं वाक्य लागतं.

मग सन २०४१मध्ये शाळाशाळांत 'पुढाकार' आला. मुलांनी शिकण्यात स्वतः पुढं व्हायचं, शिक्षकाने मागं सरायचं, असा नियम. नियम पाळला जातो की नाही हे बघायला 'पुढाकार मंडळा'ने प्रत्येक वर्गाच्या छताला ताटाएवढं एक यंत्र लावलं. त्याला बारा कान होते. वर्गात किती आवाज शिक्षकाचे आणि किती मुलांचे एवढंच ते मोजायचं. यंत्र करणारी माणसं हुशार होती, पण त्यांनी परांडेकर बाईंचा तास ऐकलेला नव्हता. बाईंचा एक आवाज, त्यावर पोरांचे एकेचाळीस. यंत्राने भागाकार केला आणि बाईंच्या वर्गाला शंभरात सत्त्याण्णव गुण देऊन टाकले. राज्यातल्या नावाजलेल्या शाळा साठावर धापा टाकत होत्या.

बाईंना पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलंय. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, असेल बुवा बरोबर. तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक ढवळे सरांनी फळ्यावर बाईंचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या, तेव्हा बाईंची खात्रीच पटली की आपण पंचवीस वर्षं पुढाकारच देत होतो, फक्त त्याला ते नाव नव्हतं. माणसाला स्वतःबद्दलची चांगली बातमी पटायला साधारण तीनच आठवडे लागतात.

पुढं सगळं भराभर झालं. मंडळाचं पारितोषिक मिळालं. 'परांडेकर पद्धत' असं नाव पडलं. बाई एकोणीस तालुक्यांत जाऊन शिक्षकांना शेपूट कसं सोडायचं हे शिकवून आल्या. आणि पाहुणे वर्ग बघायला येऊ लागले तेव्हा बाईंनी एक पायरी वर चढवली: स्वतः मागच्या बाकावर बसल्या आणि फळ्यापाशी कस्तुरी लोहकरेला उभं केलं.

कस्तुरी निवडली ती पाठांतरासाठी. शांत मुलगी, विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही, दिलेलं वाक्य काना-मात्रेसकट परत करायची. ती फळ्यासमोर उभी राहून हुबेहूब बाईंसारखी म्हणायची, "आम्ल आणि आम्लारी मिसळलं की तयार होतो क्षा...?" आणि चाळीस पोरं म्हणायची, "र!" पाहुणे माना डोलवायचे. पोरं पुढं, बाई मागं; आणखी काय हवं?

प्रकाशाच्या धड्याला मंडळाची माणसं चित्रीकरणाला आली. त्यासाठी बाईंनी कस्तुरीला एक प्रश्न लिहून दिला होता: आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? कस्तुरीने तो असा विचारला की चित्रीकरण करणारासुद्धा क्षणभर आरसा शोधू लागला. ते दृश्य गावोगाव पोचलं. डोंगरापलीकडे एक निवासी विज्ञानशाळा होती, जिथं परीक्षा नसायची; मुलाने विचारलेल्या एका प्रश्नावर प्रवेश मिळायचा. वर्षाला जागा अकरा. त्यातली एक कस्तुरीला मिळाली. तिच्या आईने शाळेत पेढे आणले ते बाईंच्या पायावर डोकं ठेवूनच वाटले. बाई "अहो, अहो" म्हणाल्या, पण पाय मागं घेतले नाहीत.

फेब्रुवारीत यंत्राची नवी आवृत्ती आली.

ती बसवायला मंडळाकडून रेणुका सबनीस नावाची मुलगी आली. तिशीची, पायात कापडी बूट, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसायची खोड. बाईंना ती जरा मठ्ठच वाटली.

"जुनं यंत्र आवाज मोजायचं," रेणुका शिडीवरून उतरत म्हणाली. "हे श्वास मोजतं."

"श्वास? म्हणजे आरोग्य तपास...?"

बाई थांबल्या. रेणुकाही थांबली. शेपूट दोघींच्या मध्ये लोंबत राहिलं.

"...णी का?" शेवटी बाईच म्हणाल्या.

"नाही. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, बरोबर? पण किती घेतो? जेवढं वाक्य लांब तेवढा. दोन शब्द बोलायचे असतील तर इवलासा, पंधरा बोलायचे असतील तर छाती भरून. म्हणजे तोंड उघडायच्या आधी डोक्यात त्या वाक्याची लांबी ठरलेली असते आणि डोकं फुप्फुसांना तसं कळवतं. वाक्य स्वतःचं असेल तरच हे होतं. पाठ केलेलं असेल तर माणूस सवयीचा, एकसारखा श्वास घेतो; वाक्य केवढंही असो. आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं करताना तर घेतच नाही. छातीत असेल त्या हवेवर भागवतो."

"आणि ते याला ऐकू येतं? एवढ्या गोंगाटात?"

"बारा कान आहेत ना. नाकातून हवा आत जाताना बारीकसा आवाज होतो. आपल्याला नाही येत ऐकू, याला येतो. कुठल्या बाकावरून आला तेही कळतं." तिने हातातली पाटी पुढं केली. "मंडळाने जूनपासूनच्या सगळ्या तासांची ध्वनिमुद्रणं या यंत्रातून पुन्हा काढली आहेत. सगळ्याच शाळांची. हा तुमचा वर्ग."

पाटीवर तीन रकाने होते. पहिल्यावर लिहिलं होतं, 'स्वतःचं'. दुसऱ्यावर, 'दुसऱ्याचं'. परांडेकर बाईंच्या वर्गात जूनपासून मुलं जेवढं बोलली होती, त्यातलं शंभरातलं दीड स्वतःचं होतं. त्या दीडमध्येही बरंचसं 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' हे होतं.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी नजर तिसऱ्या रकान्यावर गेलीच.

"आणि हे काय? 'घेतला, वापरला नाही'? दोन हजार तीनशे सहा?"

रेणुका थोडी घुटमळली. "ते आम्ही शोधत नव्हतो. आपोआप सापडलं. मुलाने मोठा श्वास घेतला. म्हणजे वाक्य तयार होतं, आता बोलणार. पण बोललं नाही."

"का बोललं ना...?" बाईंनी स्वतःच जीभ चावली.

"बहुतेक वेळा त्याच क्षणाला तुम्ही 'समज' म्हणालात आणि वर्ग 'लं' म्हणाला."

खिडकीतून सायकलवाल्याच्या पंपाचा आवाज येत होता. बाई रकान्यातली नावं वाचत गेल्या. ज्यांना त्या 'दगड' म्हणायच्या, त्या मागच्या बाकावरच्या पोरांपुढेसुद्धा सत्तर, नव्वद असे आकडे होते. सगळ्यात मोठा आकडा कस्तुरी लोहकरेपुढे होता. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"हा बघा," रेणुका म्हणाली. "आरशाच्या तासाचा. तिने तो प्रसिद्ध प्रश्न विचारला, त्याआधी सवयीचाच श्वास आहे. पाठ केल्यासारखा. तुम्ही उत्तर दिलंत. आणि त्यानंतर चाळीस सेकंदांनी हा. बापरे, केवढा मोठा आहे. चौदा-पंधरा शब्दांचं वाक्य असणार."

"काय होतं ते वाक्य?"

"ते कसं कळणार, बाई? लांबी कळते. शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि त्यांचे यजमान श्रीनिवासराव पोहे खात होते. श्रीनिवासराव जिल्हा ग्रंथालयातून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी बशी खाली ठेवली, खिडकीकडे पाहिलं आणि श्वास घेतला.

"लिंबू हवंय," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

"हो, तेच," श्रीनिवासराव म्हणाले.

बाई उठता उठता तशाच थांबल्या. सव्वीस वर्षं हा माणूस रोज पाचपंचवीस वेळा 'हो, तेच' म्हणत आला होता. बाईंनी ते प्रेमाचं लक्षण धरलं होतं. मैत्रिणींना सांगायच्या, आमच्यात बोलावं लागतच नाही.

"अहो, खरं सांगा. लिंबूच म्हणणार होतात?"

श्रीनिवासराव चमचा चाटत विचारात पडले. "नाही. पण लिंबूही चालतं."

"मग काय म्हणणार होतात?"

"जाऊ दे गं."

"इतकी वर्षं तुम्ही 'तेच' म्हणता, ते..."

"तेच कधीच नसायचं, हेमा. पण जवळपासचं असायचं," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "जवळपासचं असलं की भागतं."

त्यांनी चिडून सांगितलं असतं तर बाईंना उलट उत्तर देता आलं असतं. त्यांनी पोहे छान झाल्याचंही वर सांगितलं.

आठवड्याने शाळेत मंडळाचं पत्र आलं. कस्तुरी लोहकरे हिचा प्रश्न नव्या यंत्रात पाठ केलेला आढळतो. मुलीने तो स्वतःचा म्हणून सादर केल्याने प्रवेशाची पडताळणी होईल. मुलीने शिक्षकांसह हजर राहावं.

ढवळे सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

"परांडेकर बाई, यात तुमचं नाव कुठं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?"

"आलं."

"मुलीने कुठल्याशा पुस्तकात वाचला असेल. पोरं वाचतात. तिला काय, लहान आहे, कोण तिला फासावर देतंय? जागा जाईल, एवढंच. इथंच नववीत बसेल. पण तुमचं पारितोषिक गेलं की शाळेचं नाव गेलं. एकोणीस तालुके शेपटं सोडतायत तुमच्या नावाने. त्यांचं काय करायचं?"

"सर, प्रश्न मी..."

"मी काही ऐकलेलं नाही," ढवळे सर घाईने म्हणाले. "आणि दुसरं. धामणीच्या शाळेत म्हणे पोरांकडून श्वासाचा सराव करून घेतायत. आधी दीर्घ श्वास, मग प्रश्न. यंत्राला काय कळतंय? तुम्ही तर पद्धतीच्या जनक."

बाईंनी हे ऐकायला नको होतं. निदान ऐकून मान तरी हलवायला नको होती. पण पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत त्या आणि कस्तुरी समोरासमोर बसत होत्या.

"वाक्य केवढं आहे? आठ शब्दांचं. मग आठ शब्दांएवढा श्वास घ्यायचा. घे. नाही, हा बारा शब्दांचा झाला. पुन्हा."

कस्तुरी घ्यायची. "आरशात डावं-उजवं उलटतं, मग..."

"आता सहाचाच झाला. पोटातून घे. पुन्हा."

चौथ्या दिवशी कस्तुरी श्वास घेता घेता पांढरी पडली आणि टेबलाला धरून खाली बसली. एवढी हवा घेतली की माणसाला भोवळ येते, हे बाई आठवीलाच शिकवायच्या. त्यांनी तिला पाणी पाजलं आणि घरी पोचवायला स्वतः निघाल्या.

लोहकऱ्यांची पिठाची गिरणी होती. कस्तुरीची आई केसांना फडकं बांधून, भुवयांपर्यंत पांढरी होऊन उभी होती. बाईंना बघताच तिने गिरणी बंद केली.

"भोवळ? हिला? अहो बाई, ही घरी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलते. माझं डोकं उठतं. दिवसभर नुसते प्रश्न."

"कस्तुरी?" बाईंना वाटलं, हिला आणखी एक मुलगी असावी.

"मग! परवा म्हणते, आई, दाणे गार असतात, दगडही गार असतो, मग पीठ बाहेर येताना ऊन कसं? आता मला काय ठाऊक? मी म्हटलं, तुझ्या बाईंना विचार." तिने हात झटकले. पिठाचा ढग उठला. "आम्हाला तेवढंच सांगता येतं बघा, की बाईंना विचार. रोजचं एक तरी असतंच. ते पिठाचं काय सांगितलंत मग हिला?"

बाईंनी कस्तुरीकडे पाहिलं. कस्तुरी आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती. आईला तिने कधीच सांगितलेलं नव्हतं की बाईंना विचारता आलं नाही. उलट घरी जाऊन ती काहीतरी उत्तर बनवून सांगत असणार, बाईंच्या नावावर. आपल्या बाईंची अब्रू राखायला.

"घर्षणाने," बाई पुटपुटल्या. "दगडाच्या घर्षणाने उष्णता..."

"हां, हेच सांगितलं हिने! बाई म्हणाल्या म्हणून," आई खूश होऊन म्हणाली. "बसा ना, चहा टाकते."

बाईंना चहा गेला नसता. त्या घरापर्यंत पायी गेल्या आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मागच्या गल्लीने गेल्या.

पडताळणी मंडळाच्या जिल्हा कार्यालयात होती. खोलीला काचेचं दार, छताला तेच ताट. टेबलापलीकडे विज्ञानशाळेच्या प्रमुख डॉ. नलिनी गुंजाळ आणि शेजारी रेणुका. अलीकडे बाई आणि कस्तुरी. आई बाहेर बाकावर बसली होती, नवं लुगडं नेसून, कारण तिला वाटत होतं की सत्कार आहे.

"परांडेकर बाई," गुंजाळ म्हणाल्या, "कस्तुरीबद्दल तुम्हाला काही सांगायचं असेल तर आधी सांगा."

बाईंनी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. बसमध्ये वीस वेळा म्हटलं होतं. यंत्राला ते पाठांतर वाटेल की स्वतःचं, असा एक वेडगळ विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

"तो प्रश्न कस्तुरीचा नव्हता," त्या म्हणाल्या. "यात तिची काही चूक नाही. तो तिला मीच लिहून दि..."

आवाज तिथंच अडला. लाजेने असेल, सवयीने असेल, बाईंना स्वतःलाही कळलं नाही.

"ला," शेजारून कस्तुरी हळूच म्हणाली.

रेणुकाने पाटीवरची नजर वर केली नाही. कस्तुरीलाही आपण काय केलं हे एका क्षणाने कळलं आणि तिचा चेहरा लाल झाला, जणू तिनेच चहाडी केली होती. बाईंना वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. कबुली द्यायला आल्या होत्या, आणि तिचंही शेवटचं अक्षर पोरीच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

"बाई," गुंजाळ शांतपणे म्हणाल्या, "तुमचं वाक्य तुम्ही पुरं करा."

"तो प्रश्न मी लिहून दिला," बाई म्हणाल्या. "पाठ मी करून घेतला. गेल्या आठवड्यात श्वास कसा घ्यायचा तेही मीच शिकवलं, या यंत्राला फसवायला. तिला भोवळ आली. आणि वर्षभर..." त्यांना 'एकशे अठ्ठ्याऐंशी' म्हणायचं होतं, पण तो आकडा तोंडातून निघेना. "वर्षभर मी तिला बोलू दिलं नाही. कुणालाच दिलं नाही. मला वाटायचं, वर्ग बोलतोय."

"पारितोषिक परत जाईल. प्रशिक्षकांच्या यादीतून नावही जाईल," गुंजाळ म्हणाल्या. आवाजात ना राग ना सहानुभूती. हवामान सांगितल्यासारखं सांगितलं.

"जाऊ दे."

"हे झालं तुमचं. आता जागेचं. आमच्याकडे प्रश्नावर प्रवेश आहे, आणि या मुलीचा प्रश्न तिचा नाही. म्हणजे तिच्याकडे प्रश्नच नाही. पण..." त्या कस्तुरीकडे वळल्या. "त्याच तासाला तू एक श्वास घेतला होतास. चाळीस सेकंदांनी. काय विचारणार होतीस?"

कस्तुरीने बाईंकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. एकेचाळीस पोरं वर्षभर जसं बघायची तसं. कुठल्या अक्षरावर आपली पाळी येते ते हेरायला.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवून बघ. वेळ आहे."

पुन्हा तिची नजर बाईंच्या ओठांवर. बाईंनी ओठ घट्ट मिटले. तेही काही कमी बोलकं नव्हतं. त्यांना त्या धड्यातले सगळे संभाव्य प्रश्न येत होते. अंतर्गोल आरसा, परिदर्शक, पाण्यात वाकडी दिसणारी काठी. नुसत्या भुवईने त्या पोरीला त्यांतल्या कुठल्याही प्रश्नापाशी नेऊन सोडू शकल्या असत्या. पंचवीस वर्षांची तयारी होती. भुवई हलतेय की काय अशी त्यांना भीती वाटू लागली.

"परांडेकर बाई, तुम्ही जरा बाहेर बसाल का?" गुंजाळ म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत वर्गाबाहेर जायला त्यांनी किती पोरांना सांगितलं होतं, त्याची कुणी मोजदाद ठेवली नव्हती. बाई उठल्या. दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर कस्तुरीची आई सरकून बसली. "झाला का सत्कार?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, मागचं सगळं वर्ष ज्या बाईच्या डोळ्यांत त्या देवासारख्या होत्या, तिला त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्न कुणाचा होता, भोवळ कशाने आली, पिठाबद्दल कस्तुरीने आपल्याला कधीच विचारलं नव्हतं. आई ऐकत होती. तिने "अगंबाई" म्हटलं नाही की कपाळावर हात मारला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटी एवढंच म्हणाली, "मग ते घर्षणाचं हिला कुणी सांगितलं?"

"तिचं तिनेच शोधलं असणार."

"आणि मी तुमचे पाय धरले," आई म्हणाली. ती बाकावरून उठली आणि समोरच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

बाई एकट्या काचेतून बघत राहिल्या. आत गुंजाळ काही बोलत नव्हत्या. रेणुका काही बोलत नव्हती. त्या तिघी नुसत्या बसल्या होत्या. एक मिनिट झालं, दोन झाली. बाईंच्या वर्गात दोन मिनिटं कधीच रिकामी गेली नव्हती. आत जाऊन काहीतरी म्हणावं, काहीही, असं वाटून त्यांनी बाकाची कड धरून ठेवली.

मग पाठमोऱ्या कस्तुरीचे खांदे वर गेले. हळूहळू, बरेच वर. आणि ती बोलू लागली.

काचेपलीकडून एक अक्षर ऐकू आलं नाही. बाईंना दिसला तो फक्त गुंजाळबाईंचा चेहरा. आधी त्या हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या रेणुकाकडे वळून काही म्हणाल्या आणि रेणुकाने नकारार्थी मान हलवली, मला नाही माहीत अशी. कस्तुरी हातांनी हवेत काहीतरी दाखवत होती. या मुलीला हात आहेत हे बाई जणू पहिल्यांदा पाहत होत्या.

दार उघडलं तेव्हा गुंजाळ स्वतः बाहेर आल्या. "जागा तिची राहील," त्या आईला म्हणाल्या. "जूनमध्ये घेऊन या." बाईंसमोर आल्यावर त्या क्षणभर थांबल्या. "चांगला प्रश्न आहे. मला उत्तर देता आलं नाही." आणि पुढं निघून गेल्या.

आई पिशवी उचलून जिन्याकडे गेली. बाईंकडे तिने पाहिलं नाही. कस्तुरी मागं राहिली, कारण बाई वाटेत उभ्या होत्या.

"कस्तुरी," बाई म्हणाल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. याचना करायची त्यांना सवय नव्हती. "काय विचारलंस गं? मला सांगशील?"

कस्तुरीने विचार केला. खरोखरच केला, बाईंना तो तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"नको, बाई," ती म्हणाली. "तुम्ही लगेच उत्तर द्याल."

ती बाजूने वाट काढून आईमागोमाग जिना उतरून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बाईंना जरा बरं वाटलं असतं.